गिरणी गेली, भिंती राहिल्या

जळगाव स्टेशनजवळ आज 'खान्देश सेंट्रल' आहे, तिथे पूर्वी मूळजी जेठांची खान्देश मिल होती. कित्येक घरांची चूल तिच्यावर पेटायची. आता तिथे खरेदी होते, सूत निघत नाही.

अमळनेरला वेगळे घडले. मोहम्मद हाशिम प्रेमजींनी 1945 मध्ये तिथे वनस्पती तुपाची कंपनी काढली. 1966 मध्ये त्यांचा इंतकाल झाला, तेव्हा अझीम प्रेमजी 21 वर्षांचे होते. हीच कंपनी पुढे विप्रो झाली आणि संगणकाकडे वळली.

मुंबईत लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात आज कार्यालये आहेत. जुन्या गिरणीचे छप्पर उंच, करवतीच्या दात्यांसारखे असते. त्याच्या उत्तरेकडच्या काचांतून उन्हाचा ताप न येता सारखा उजेड पडतो. खान्देशच्या उन्हाळ्यात याचे मोल मोठे.

धुळ्यात यंत्रमागाच्या मोहल्ल्यांतली शिकलेली मुले रोजीसाठी पुण्या-मुंबईची गाडी धरतात. गावातली जुनी शेड पाडण्याआधी तिथे त्यांना काम करता येईल का, हे मालकाने व महापालिकेने पाहावे. मात्र जुन्या कामगारांचे देणे आधी चुकवावे. आपल्या दीनमध्ये इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, मना आहे. धडधाकट भिंत पाडणे हाही इस्राफच.