पॉपच्या पुंगळ्या

माझे वडील खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीत होते. कारखाना १८६९चा, आमचं घर त्यावरच चाललं. पण काडतूस आतून कसं असतं, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. कामाचं घरात बोलायचं नाही, हा त्यांचा दंडक. ते शिकवलं, पुढे पेनसिल्व्हेनियात राहायला गेल्यावर, शेजारच्या एका निवृत्त टर्नरनं. अख्खी गल्ली त्यांना पॉप म्हणायची, आम्हीही म्हणू लागलो.

तिथे थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार म्हणजे हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. कित्येक शाळा बंद. (२०१९ मध्ये तो शनिवारवर आणला. पॉप त्यावर शेवटपर्यंत कुरकुरले.) मी कागदी निशाणापलीकडे कशावर गोळी झाडलेली नाही. मला ओढ त्यांच्या तळघराची. तिथे ते ‘थर्टी-ऑट-सिक्स’ रायफलची काडतुसं स्वतः भरत.

एकदा त्यांच्या दिवंगत भावाची भरलेली काडतुसं आली, डब्यांवर चिठ्ठी नाही. पॉप म्हणाले, दुसऱ्यानं भरलेलं काडतूस आपल्या बंदुकीत घालायचं नाही, सख्खा भाऊ असला तरी. आत कुठली दारू, किती, बाहेरून काय कळणार? उघडूनही कळत नाही. दाणा कांडीसारखा की गोल एवढं दिसतं, नाव दिसत नाही.

मग सगळी सोडवायची. प्लॅस्टिकच्या हातोडीसारखा पुलर असतो, त्याच्या डोक्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडाच्या ओंडक्यावर हाणायचं. पुंगळी जागीच थांबते, गोळी मात्र आपल्या वेगानं पुढे सुटते आणि दारूसकट पोकळीत पडते. दारू गवतावर; तिच्यात नायट्रोजन असतो. पितळ टाकायचं नाही. पुंगळी उडालेली नसते, म्हणून तिचं अंग फुगलेलं नसतं; फक्त मानेची पकड थोडी सैलावते. डाय म्हणजे साचा, त्यातून मान तेवढी हलकेच आवळली की झालं. पण डायच्या मधोमध जुना प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी बुडाची टोपी, ढकलून काढणारी पिन असते, ती आधी काढून ठेवायची, कारण आतला प्रायमर जिवंत आहे. दर वेळी प्रेसचं हँडल दाबण्याआधी पॉप ती पिन मला टेबलावर दाखवायला लावत. मला ते तेव्हा अती वाटे.

पॉप गेले. त्यांच्या पत्नीनं त्यांचे भरलेले डबे माझ्या हाती दिले. प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात दारूचं नाव, ग्रेनमधलं वजन, तारीख. इतका चोख माणूस! तरी नियम तो नियम, आणि तो त्यांचाच. मी एकूण एक काडतूस सोडवलं, दारू त्यांच्याच लॉनवर पसरली, पुंगळ्या प्रायमरसकट ठेवल्या. आता गोळी माझी, दारू माझी. घोडा पडला की ठिणगी पॉपनी बसवलेल्या प्रायमरची.

पुढच्या वसंतात त्यांच्या पत्नीचा फोन आला. एका पट्ट्यात गवत भलतंच माजलंय, हे तुझंच काम दिसतंय, तर कापायलाही तूच यायचं.

दर शनिवारी जातो.