वरोर : सूर्यास्तापूर्वीचे एक ताट

पश्चिम रेल्वेच्या वाणगाव स्थानकावर उतरून मिरचीच्या वाड्यांमधून पश्चिमेकडे निघाले की चिंचणी लागते. तेथून किनाऱ्याने थोडे उत्तरेला गेल्यावर वरोर हे गाव येते. २०१३ पासून चर्चगेटहून निघालेली लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली, तरी मुंबईचा पर्यटक बोर्डी-घोलवडला जातो, वरोरला थांबत नाही. प्रेक्षणीय म्हणावे असे तेथे थोडेच आहे. सुरूची झाडे, ओहोटीला दूरवर उघडा पडणारा किनारा, बांबूच्या मांडणीवर वाळत घातलेले बोंबील आणि त्यांचा वास. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांचे पाय या वासापाशीच मागे फिरतील.

वास्तविक या गावाशी आपला संबंध आपण समजतो त्याहून जवळचा आहे. चिंचणी-वरोरच्या पट्ट्यात दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीर आहेत. या कामाला तेथे डायमेकिंग म्हणतात. पोलादी ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरायची, पुढे त्यावर सोन्याचांदीचा पत्रा दाबला की नक्षी सुलटी उमटते. झवेरी बाजाराशी ज्यांचे व्यवहार आहेत, त्यांच्या हातून अशी नक्षी अनेकदा गेली असेल. ती कोरणाऱ्याचे गाव मात्र पावतीवर येत नाही.

गेल्या डिसेंबरात मी व सौ. दोन दिवस त्या बाजूला होतो. आमचे रात्रिभोजन वर्ज्य, कंदमूळ वर्ज्य. महामार्गावर ‘जैन फूड मिळेल’ असे फलक हल्ली जागोजागी दिसतात, पण त्या फलकांवर माझा फारसा भरवसा नाही. तेथील जैन पावभाजीत बटाट्याऐवजी कच्चे केळे असते खरे. तवा आणि झारा कोणता, हे विचारायला गेले तर वाढणाऱ्यालाच ठाऊक नसते. बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला शिक्क्यापेक्षा सही करणारा कोण, हे पाहण्याची सवय असते. वरोरला एका घरगुती खानावळीची चौकशी केली, तेव्हा चालवणाऱ्या ताईंनी आधीच सांगून टाकले, “शेठ, आमच्या घरात मासळी शिजते. तुम्हाला चालत असेल तर अंगणात वेगळी चूल मांडते, मडकं नवं आहे.” (किनाऱ्यावर जैन माणूस ‘शेठ’च असतो, निवृत्तिवेतनावर जगणारा असला तरी.)

हे सर्वांना चालेल असे नाही. ज्यांचा नियम अधिक कडक आहे, त्यांनी खाखरा-थेपल्यांची शिदोरी न्यावी, हे उत्तम. आम्ही दोघांनी विचार करून होकार दिला.

ताईंनी एका सुपात घरातील सगळ्या भाज्या आणून सौ.समोर ठेवल्या. “काकू, काय नको ते बाजूला काढा.” ते सूप पाहून मला चिआंग माई आठवले. उत्तर थायलंडच्या त्या शहरात आम्ही काही वर्षांपूर्वी एका सहलीबरोबर गेलो होतो. बरोबर स्वयंपाकी महाराज होतेच; तरी एका दुपारी गल्लीतल्या पाच-सहा मेजांच्या उपाहारगृहावर पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षरे दिसली, म्हणून आत गेलो. ही ‘जे’ आहाराची खूण. चिनी बौद्ध परंपरेतून आलेल्या या आहारात मांस, मासे, अंडी, दूध नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नाही. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस थायलंडमधील असंख्य लोक तो पाळतात. एरवी त्या देशात माशाचा खारट रस जवळजवळ प्रत्येक पदार्थात पडतो. उत्तरेकडे मात्र आंबवलेल्या सोयाबीनच्या वाळवलेल्या चकत्याही वापरतात. चवीला त्या पुरेशा होतात. मुळा-गाजर ‘जे’मध्ये चालते, आपल्याला नाही. तेथील मालकिणीला आमची भाषा येत नव्हती. तिने एकेक भाजी हातात धरून दाखवली, आम्ही मान हलवली. बांबूच्या लहान टोपलीतला चिकट भात हाताने गोळा करून खाल्ला, तो आजही आठवतो.

वरोरला भाषेची अडचण नव्हती, तरी पद्धत तीच झाली. सौ.नी रताळी, कोनफळ, आले, लसूण, वांगी बाजूला काढली. काढलेल्यांचा ढीग मोठा झाला, कारण हिवाळ्यात या भागाचे लाडके पक्वान्न म्हणजे उकडहंडी आणि तिचा जीवच कंदांत. ताई क्षणभर सुपाकडे बघत राहिल्या, मग उरलेल्यांचीच हंडी लावली: वालपापडी, शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी, खवलेले ओले खोबरे, ओवा, कोथिंबीर आणि वाणगावची हिरवी मिरची. बरोबर तांदळाची भाकरी. वालाबरोबर दही नको, हे द्विदलाचे प्रकरण समजावण्यात थोडा वेळ गेला, पण त्यांनी दह्याचा वाडगा निमूटपणे परत नेला. सूर्यास्त सहाच्या सुमारास होता. पाच वाजता ताटे मांडली. शेंगांना धुराचा मंद वास लागला होता, केळ्याने खोबऱ्याचा गोडवा घेतला होता. कंद नसलेली उकडहंडी ही उकडहंडी नव्हे, असे तिथला माणूस म्हणेल; मी दोनदा मागून घेतली.

जेवताना विषय निघाला तो बंदराचा. वरोरसमोरच्या समुद्रात वाढवण बंदर होते आहे. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये संमती दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. वीस मीटर नैसर्गिक खोली मिळणारा किनारा देशात दुर्मीळ, हे व्यापार समजणाऱ्या कोणालाही कळते. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव पडायचा आहे.

“तुम्ही तर मासे खात नाही शेठ,” ताई म्हणाल्या, “मग आमच्या दर्याचं तुम्हाला काय?”

प्रश्नात टोमणा नव्हता, त्यांना खरेच जाणून घ्यायचे होते. मासेमारी ही आपल्या दृष्टीने हिंसाच. ते मी त्यांच्या अंगणात बसून नाकारले नाही. पण जाळ्यात येणारा जीव तेवढा मोजायचा आणि दगडमातीखाली एकदम गाडला जाणारा समुद्रतळ मोजायचाच नाही, हा हिशेब मला जुळवता येत नाही. निदान जाळे टाकणारे जून-जुलैत होड्या ओढून ठेवतात, माशांच्या विणीसाठी. आपल्या चातुर्मासाची सुरुवातही त्याच सुमारास होते. हे मी जमेल तसे सांगितले. ताईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, मुलगा बंदरात नोकरी मिळेल का ते बघतो आहे, नवरा म्हणतो होडी विकायची नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी आदल्या दिवशी निरोप द्यावा आणि पाणी गाळण्याचे वस्त्र बरोबर ठेवावे. शनिवार-रविवार टाळावा. त्या दिवशी मासळी खाणाऱ्यांची गर्दी असते आणि अंगणातली चूल रिकामी मिळत नाही.