परिषद, मीठ आणि मिथिलीन ब्लू

आमच्या इचलकरंजीच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची ठरली, तेव्हा पहिला वाद झाला तो तारखेवरून. पावसाळा बाद, २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेलेला सगळ्यांनी पाहिला होता. दिवाळीच्या आगेमागे विद्यापीठाच्या परीक्षा. उरला जानेवारी, आणि तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात. इचलकरंजीला रेल्वे स्टेशन नाही. पाहुणा हातकणंगल्याला किंवा कोल्हापुरात उतरणार, नाहीतर उजळाईवाडीच्या विमानतळावर, आणि पुढे उसाने भरलेल्या जोड-ट्रॉलीच्या मागे सरकत सरकत येणार. म्हणून उद्घाटन पत्रिकेत साडेदहाला छापलं आणि मनात साडेअकरा धरलं.

‘आंतरराष्ट्रीय’च कशाला, राष्ट्रीय का नको, हे मी सुरुवातीलाच विचारलं होतं. उत्तर मलाही माहीत होतं. यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीपासून राष्ट्रीय परिषदेतल्या निबंधापेक्षा आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या निबंधाला जास्त गुण. नॅकच्या अहवालातही ते वजनदार दिसतं. तेव्हापासून तालुक्याच्या गावातसुद्धा जग येऊ लागलं, निदान बॅनरवर तरी. आमची अडचण मात्र सोपी सुटली. कोल्हापूर भागातून पीएच.डी. करून दक्षिण कोरियात संशोधनाला गेलेली मुलं बरीच आहेत. त्यांच्यातल्या एकाने आपल्या प्राध्यापकांना ऑनलाइन व्याख्यानाला तयार केलं. पोर्तुगालमधल्या एक वस्त्ररसायनाच्या प्राध्यापिका प्रत्यक्ष यायला राजी झाल्या.

त्या येणार म्हटल्यावर रसायनशास्त्र बाजूला राहिलं आणि कारकुनी सुरू झाली. परिषदेला येणाऱ्या परदेशी माणसाला पर्यटक व्हिसा चालत नाही, कॉन्फरन्स व्हिसा लागतो. त्यासाठी आमचं निमंत्रणपत्र हवं आणि परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी हवी. रंग पक्का कसा बसतो यावर बोलायला राजकीय मंजुरी! पण फॉर्म भरला, ईमेल केले, वाट पाहिली. मंजुरी आली. त्या उतरणार होत्या त्या लॉजच्या मॅनेजरला चोवीस तासांत परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा ‘सी फॉर्म’ ऑनलाइन भरावा लागायचा हे त्यालाच ठाऊक नव्हतं. शेवटी आमच्या प्रयोगशाळा सहायकाने त्याच्या काउंटरवर बसून तो भरून दिला.

शोधनिबंधांचे सारांश यायला लागले, तशी मला एक गोष्ट खटकली. उत्प्रेरक आणि प्रकाश वापरून सांडपाण्यातला रंग काढण्यावरचे निबंध ढीगभर, आणि त्यातल्या बहुतेकांचा रंग एकच, मिथिलीन ब्लू. हाइनरिक कारोने १८७६ मध्ये बनवलेला हा निळा रंग प्रयोगशाळेला फार सोयीचा. स्वस्त मिळतो, पाण्यात पटकन विरघळतो, ६६४ नॅनोमीटरला छान शिखर देतो आणि फिका पडताना डोळ्यांना दिसतो. शिवाय तो स्वतःच प्रकाश शोषतो आणि थोडाफार आपला आपणच उडतो, त्यामुळे उत्प्रेरक आहे त्याहून हुशार वाटतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये चिमूटभर रंग, वर टायटॅनियम डायऑक्साइडचं काहीतरी संमिश्र, नव्वद टक्क्यांच्या वरचा आलेख, आणि शेवटी ‘वस्त्रोद्योगासाठी उपयुक्त’ असं वाक्य.

आता ज्या गावात विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसवला आणि ज्याच्या प्रोसेस हाउसांचं पाणी पंचगंगेच्या काठावर कायम भांडणाचा विषय आहे, त्या गावात हे वाक्य नुसतं वाचून सोडून द्यायचं का? मी समितीत सुचवलं, प्रोसेस हाउसांत रंगाईचं काम पाहणाऱ्या डाइंग मास्तरांना बोलवू. नोंदणी शुल्क कोणत्या गटात घ्यायचं, यावर अर्धा तास गेला. विद्यार्थी नाहीत, प्राध्यापक नाहीत, ‘उद्योग प्रतिनिधी’ म्हणावं तर त्यांचा पगार त्या गटाच्या शुल्काला पुरायचा नाही. अखेर शुल्क माफ झालं.

उद्घाटनाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दीपप्रज्वलन, फेटे, शाल-श्रीफळ, लांबलेली मनोगतं. एका वक्त्याने १८५६ च्या पर्किनच्या जांभळ्या रंगापासून सुरुवात केली. मुंबईच्या यूडीसीटीचे आणि पुढे पुण्याच्या एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झालेले, कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचे ग्रंथ जगाला देणारे के. वेंकटरामन यांचं नाव मात्र कुणाच्याच तोंडी आलं नाही. हे मला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात एका तरुण संशोधकाचा निबंध संपला आणि मागच्या रांगेतले एक मास्तर उठले. पन्नाशीचे, बोटांच्या पेरांवर निळसर झाक.

“सर, हा रंग आमच्याकडं सुताला कोण वापरत न्हाई. आम्ही रिॲक्टिव्ह वापरतोय. तुमच्या पाण्यात मीठ किती हुतं?”

“मीठ नव्हतं. डिस्टिल्ड वॉटर होतं.”

“मग ते आमचं पाणी न्हवं.”

सभागृह हसलं, पण त्या मुलाने वही काढली. गडद छटेला रिॲक्टिव्ह रंग सुतावर चढवायचा तर लिटरमागे पन्नास-साठ ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त मीठ लागतं, वर सोडा ॲश. एवढं करूनही रंगाचा वीस ते चाळीस टक्के भाग सुताला न चिकटता पाण्याबरोबर जातो. सायझिंगची खळ निघते ती वेगळीच. उत्प्रेरकामुळे रंग तोडणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार झाले, तरी क्लोराइड आणि कार्बोनेट त्यांना वाटेतच गाठून निष्प्रभ करतात. आणि रंग गेला तरी मीठ पाण्यात तसंच राहतं; शेताला ते पाणी दिलं तर जमीन खारवते. मास्तरांनी हे असं सूत्रांत मांडलं नाही. ते म्हणाले, “रंग दिसतो म्हणून बोंब हुती, मीठ दिसत न्हाई.”

पोर्तुगालच्या बाईंना मी हे इंग्रजीतून सांगितलं. त्यांनी समारोपाच्या भाषणाला थोडक्यात निरोप दिला आणि मास्तरांच्या प्रोसेस हाउसला जायचं म्हणाल्या. मालकांनी हरकत घेतली नाही. तिथे दोघांचं बोलणं निम्मं माझ्यामार्फत आणि निम्मं हातवाऱ्यांनी चाललं: लिकर रेशो म्हणजे सुतामागे पाण्याचं प्रमाण, तापमान, धुलाईला किती पाणी. रात्री पांढरा रस्सा त्यांनी मागून घेतला, तांबड्याच्या वाटीला नुसता चमचा लावला.

त्या तरुणाने पुढे स्वतःहून कळवलं की त्याने रिॲक्टिव्ह रंग, मीठ आणि सोडा घेऊन तोच प्रयोग केला, आणि रंग निघण्याचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं. परिषदेच्या पुस्तकात छापलेल्या साऱ्या आलेखांपेक्षा हा आकडा मला मोलाचा वाटतो.

परिषद भरवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या गावात ज्या रसायनावर पोट चालतं, ते हाताळणाऱ्या माणसाला बोलवा, शुल्क घेऊ नका, आणि प्रश्नोत्तरांची दहा मिनिटं मनोगतांसाठी कापू नका.