जोडीचा आकडा

परप्रांती चाकरी करणाऱ्या माणसास रविवार हा मोठा कठीण वार असतो. कचेरी बंद, मराठी बोलणारी ओळखीची घरे बोटांवर मोजण्याइतकी, आणि घरच्यांशी फोनवरचे बोलणे सकाळीच आटोपलेले. अशा वेळी आम्ही पाय नेतील तिकडे जातो. आणि जमशेदपुरात पाय बहुधा ट्रकांपाशीच नेतात. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने येथे ट्रक बांधावयास आरंभ केला. ते सहकार्य १९६९ साली संपले, कारखाना राहिला. ट्रक कारखान्यात जन्मतो, पण त्याचा पुनर्जन्म हमरस्त्याकाठच्या मिस्त्रींच्या छपराखाली होतो. अशाच एका छपराखाली, एका वृद्ध मिस्त्रीच्या बाजेवर, आम्ही लागोपाठ दोन रविवार काढले.

सहा सिलिंडरांचे एक जुने डिझेल इंजिन तेथे उघडून पडले होते. पिस्टन, रिंगा, बेअरिंगे नवी आणलेली. कनेक्टिंग रॉड मात्र जुनेच. आमच्या अनभिज्ञ दृष्टीस सहाही रॉड सख्ख्या भावंडांसारखे दिसले. मिस्त्रीने एक उचलून त्याच्या बाजूवरचा आकडा दाखविला. रॉडवर ३, आणि त्याच्या कॅपवरही ३. क्रँकपिनला वेढणारे वर्तुळ अर्धे रॉडचे व अर्धे कॅपचे. परंतु ते दोन्ही अर्ध एकत्र आवळूनच आतून कातलेले असतात. ३ ची कॅप ५ ला लावली तर बोल्ट बसतात, पण वर्तुळ नेमके गोल राहत नाही. बेअरिंगमधली केसाएवढी फट, जिच्यात तेलाचा थर नांदावयाचा, ती एका जागी मिटते. मग बेअरिंग जळते, आणि प्रसंगी रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो.

सहांपैकी एक रॉड वाकलेला निघाला. पोऱ्याने भंगारातून एक सरळ रॉड शोधून आणला. त्याची कॅप मात्र हरवलेली. ट्रकचा मालक, जो स्वतःच चालकही होता, जवळच उभा होता. गाडी कर्जाची, हप्त्याची तारीख तोंडावर, आणि ठरलेले भाडे दुसऱ्याच्या हाती जात असलेले. "चाचा, वाकड्याची कॅप यालाच लावा," तो अजिजीने म्हणाला. मिस्त्रीने मान हलविली. "बेटा, चलेगी, लेकिन पहुँचेगी नहीं."

नवा रॉड, आपल्या कॅपसह, शुक्रवारी आला. रविवारी मिस्त्रीने तो शेजारच्या वाण्याच्या काट्यावर इतर पाचांशी ताडून पाहिला व काही ग्रॅमांची तफावत घासून काढली. पिस्टन गरम पाण्यात तापविताच पिन अंगठ्याने आत सरकली. दोन्ही बाजूंस सर्क्लिप बसले. प्रत्येक रिंग सिलिंडरात ठेवून तिच्या तोंडाची फट मोजली. १०० मिलिमीटर व्यासास ती सुमारे ०.४ मिलिमीटर असावी लागते. ही तोंडे एका रेषेत येऊ दिली नाहीत, एरवी वायूस निसटावयास सरळ वाट मिळते. मग पट्ट्याने रिंगा आवळून, हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोकीत, पिस्टन आत गेले: प्रथम १ आणि ६, मग २ आणि ५, शेवटी ३ आणि ४, कारण त्या त्या जोडीचे क्रँकपिन एकाच वेळी खाली येतात. प्रत्येक जोडीचे बोल्ट मोजक्या ताणाने आवळून मिस्त्री क्रँक हाताने फिरवून पाही, आणि तो मोकळा फिरला तरच पुढे जाई. हप्ता तोवर चुकला होता. दंडाचा आकडा मालकाने मिस्त्रीला ऐकविला, आणि मजुरी पुरती मोजून दिली.

बदलीच्या चाकरांस सरकार सुटे भाग समजते, आणि पुष्कळ अंशी ते रास्तही आहे. पिन, रिंग, बेअरिंग यांप्रमाणे मापाचा माणूस कोणत्याही खुर्चीत बसतो. आमच्या आधी कोणी होता, पुढे कोणी येईल. फाइल अडणार नाही. पण संसार जोडीने कातलेला असतो. मुलांच्या शाळेपायी कुटुंब पुण्यास आणि आम्ही येथे, अशी सहा वर्षे झाली. गाडी चालली आहे, यात शंका नाही. बदलीच्या अर्जात 'पसंतीचे ठिकाण' असा एक रकाना असतो. आजवर तो आम्ही रिकामा ठेवीत असू. यंदा तेथे पुणे लिहिले आहे.