पडद्यावरचे तुकोबा

यवतमाळच्या टॉकीजमध्ये वडिलांच्या मांडीवर बसून मी ‘संत तुकाराम’ पाहिला. पुण्याच्या प्रभातने 1936 साली काढलेला, दामले-फत्तेलाल यांचा तो चित्रपट. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस गाऊ लागले की त्यांची नजर आत लागलेली दिसे. पुढे वीणा गळ्यात घालून कीर्तनाला उभा राहिलो, तेव्हा मी तीच नजर आठवी. हातवारे आपोआप कमी झाले.

त्या चित्रपटातले बीज-अंकुराचे पद मात्र मी कित्येक वर्षे तुकोबांचा अभंग म्हणून निरूपणाला घेतले. दारव्ह्याकडे एका सप्ताहात कीर्तन संपल्यावर एका म्हाताऱ्या माळकऱ्यांनी हळूच विचारले, “महाराज, हा अभंग गाथेत कुठं आहे जी?” रात्रभर गाथा चाळली. सापडला नाही. सकाळी गावातल्या एका गुरुजींनी सांगितले, ते पद शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले आहे. त्या संध्याकाळी त्याच मंडपात उभा राहून चूक कबूल केली. मान खाली गेली, पण मन हलके झाले.

माउली, चित्रपटापासून कीर्तनकाराने भाव जरूर शिकावा. प्रमाण मात्र संतवचनाचेच घ्यावे. दृष्टांत दुसऱ्याचा असेल तर त्याचे नाव घ्यावे.

आता आवाज थकला, कीर्तन थांबले. एक नवल उरले आहे. आपले नाव मागे राहावे इतके आठवले तुकोबांच्या बोलीत विरघळले. जन्मभर गाथा घोकून आम्हाला ते कुठे साधले?

रामकृष्ण हरी!