मामांची गिटार पुन्हा वाजती झाली

नवापूर तालुक्यात रविवारी सकाळी चर्चजवळून गेलं की मावची आणि मराठी गाण्यांसोबत गिटार ऐकू येते. मामांनी तरुणपणी याच प्रार्थनांसाठी एक गिटार घेतली होती. आतल्या लेबलावर कोलकात्याचं नाव आहे. पुढे मामांची बोटं आखडली आणि गिटार कपाटावर गेली, तारा तशाच ताणलेल्या. आता त्यांच्या नातीला शिकायचं होतं. आमच्या घरात सुतारकाम आहे, म्हणून ती माझ्याकडे आली. मामांनी एवढंच सांगितलं, "पॉलिश नको करू रे. वाजली पाहिजे."

बाराव्या फ्रेटपाशी, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या तारेपाशी, तारा फ्रेटच्या माथ्यापासून चार मिलिमीटर वर होत्या. तिथे अडीच मिलिमीटर पुरेसे असतात. एवढी उंच तार दाबताना शिकणाऱ्याची बोटं सोलून निघतात, आणि दाबता दाबता तार ताणली जाऊन सूरही चढतो. अशी गिटार बिघडलेली दिसत नाही, पण कोणी ती हातात धरत नाही.

दोष दोन होते. सहा तारांचा मिळून ओढा साठ-सत्तर किलो असतो, आणि तो सगळा, तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजवर येतो. इतकी वर्षं तो सोसून ब्रिजमागची वरची फळी फुगली होती आणि ब्रिजची मागची कड सुटली होती. शिवाय फळीला उभी चीर गेली होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि लाकूड आडव्या अंगाने आकसतं. पावसाळ्यात तेच लाकूड ओल धरून फुगतं. या ओढाताणीत फळी रेषेच्या दिशेने तडकते.

आधी ब्रिज काढला. त्यावरचे मोत्यासारखे दोन ठिपके उचलले, तर खाली बोल्ट निघाले. ते सोडवून ब्रिजला इस्त्रीची ऊब दिली आणि पातळ पात्याची सुरी हळूहळू आत सरकवली. घाई केली तर फळीचे तंतू ब्रिजबरोबर उपटून येतात. फळी मोकळी झाल्यावर ओलसर कापड आणि बेताची ऊब देऊन, आतून-बाहेरून सपाट ठोकळे लावून ती क्लॅम्पमध्ये धरली. तशीच पूर्ण वाळू दिली. फुगवटा सगळा गेला नाही, पण बराच बसला.

चिकटवण्यासाठी सरस घेतला. तो गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून साठ अंशांच्या आसपास पातळ ठेवावा लागतो. पक्का झाल्यावर तो कडक होतो, आणि पुढे कधी जोड उघडायचा झाला तर उष्णता व ओलाव्याने सुटतो. दुरुस्तीच्या वस्तूला हा गुण फार मोलाचा आहे. चिरेत सरस भरून आतून लाकडाचे लहान चौकोनी तुकडे लावले. त्यांच्या रेषा फळीच्या रेषांना आडव्या ठेवल्या, म्हणजे चीर पुढे पळत नाही.

ब्रिज परत बसवताना सगळ्यात जास्त वेळ मापाला दिला. मानेच्या टोकाच्या नटपासून बारावी फ्रेट जेवढी दूर, तेवढंच अंतर तिथून ब्रिजवरच्या सॅडलपर्यंत हवं, आणि जाड तारांना त्याहून किंचित जास्त. इथे दोन मिलिमीटर हुकले तर गिटार कितीही छान लावली तरी वरचे सूर बेसूर येतात.

मग फ्रेट. सरळ पट्टी ठेवल्यावर उंच-सखल कळलं. सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून सगळ्या एका पातळीत आणल्या आणि तिकोनी कानशीने त्यांना पुन्हा गोलाई दिली. सॅडल शेवटी घासला. बाराव्या फ्रेटवर तार एक मिलिमीटर उतरवायची तर सॅडल दोन मिलिमीटर घासावा लागतो. दीड मिलिमीटर उतरवायला तीन लागले असते आणि सॅडलमध्ये तेवढा जीव नव्हता. फुगवटा बसला म्हणूनच हिशेब जुळला. नुसता सॅडल घासून हे काम झालं नसतं.

नवापूरहून सुरतेला थेट रेल्वे आहे. तिथून दहा गेजच्या हलक्या तारा आणल्या. जुन्या फळीवर भार कमी राहतो. तारा एकदम पूर्ण न ताणता टप्प्याटप्प्याने सुरात आणल्या आणि मधून मधून ब्रिजची कड तपासली. ती जागची हलली नाही.

मामांच्या नातीने पहिल्याच फ्रेटवर एका बोटाने सहाही तारा दाबून एफ कॉर्ड धरली. नट उंच असेल तर ती उमटत नाही. सगळ्या तारा स्वच्छ बोलल्या. मामांनी गाणं वाजवायला सांगितलं आणि स्वतः गायला लागले.

आपल्या भागात कपाटांवर, चर्चच्या खोल्यांत अशा कितीतरी गिटारी पडून असतील. त्या भंगारात देण्याआधी बारावी फ्रेट, ब्रिजची कड आणि फळीचा फुगवटा एवढं तपासा. फार काळ ठेवायची असेल तर तारा सैल करा. सागाचं नाजूक काम करणारे हात आपल्याकडे आहेत. गिटारीलाही त्यांचा उपयोग होतो.