पकड ढिली झाली की...

वांगी घेताना आपण एकेक वांगं दाबून पाहतो. स्टीलचा डबा घेताना झाकण दोनदा लावून-काढून बघतो. साडीचा पदर उलटा करून पाहिल्याशिवाय तर दुकानदाराची सुटकाच नसते. पण भिंतीवरचं प्लगचं सॉकेट? ते वायरमन आणेल ते! फार तर आपण त्याचा रंग विचारतो. आणि मैत्रिणींनो, इस्त्री, मिक्सर, गिझर, इंडक्शन शेगडी यांचे प्लग दिवसभर लावतं-काढतं कोण? बहुतेक घरांत आपणच. म्हणून आज त्या तीन भोकांच्या आत काय असतं ते सांगणार आहे. मी आर्ट्सची बी.ए., पण हे समजायला फार विज्ञान लागत नाही, बरं का!

मला हे कळलं ते गेल्या पावसाळ्यात. दुपारी सासूबाई म्हणाल्या, "अगं, शेजारी मासे तळताहेत का?" शेजारी तर कुलूप होतं, आणि आमच्याकडे मासे शिजत नाहीत. वासाचा माग काढत गेले तर तो गिझरच्या प्लगपाशी! विजेच्या सामानातलं काही प्लास्टिक तापलं की असाच माशांसारखा वास येतो. सॉकेटचा पांढरा रंग तपकिरी झाला होता. मेन स्विच बंद केला आणि वायरमनला बोलावलं. त्याने झाकण उघडून आतली पितळी पट्टी दाखवली. पार काळी पडलेली आणि फाकलेली. म्हणाला, "बाई, बटण चांगलं आहे, वायर चांगली आहे. पकड गेलीय."

ही पकडच सगळ्याचं मूळ. प्रत्येक भोकाच्या मागे धातूची एक वळवलेली पट्टी असते. पिन आत गेली की ती किंचित फाकते आणि स्प्रिंगसारखी पिनेला आवळून धरते, आपल्या केसांच्या चापासारखी. आता ही पट्टी कशाची करायची? तांब्यातून वीज छान वाहते, पण तांबं मऊ. एकदा फाकलं की फाकलेलंच राहतं. पोलादाला स्प्रिंग उत्तम, पण वीज त्यातून तितकी सहज वाहत नाही, शिवाय ते गंजतं. म्हणून पितळ वापरतात किंवा फॉस्फर ब्राँझ. फॉस्फर ब्राँझ म्हणजे तांब्यात कथील आणि अगदी थोडा फॉस्फरस. त्याची स्प्रिंग जास्त टिकते. काही ठिकाणी पितळी पट्टीभोवती पोलादी कडं घालतात, म्हणजे वीज पितळाने न्यायची आणि जोर पोलादाने लावायचा. संसारात कामं वाटून घ्यावीत तसंच!

पकड फार घट्ट केली तर प्लग निघत नाही आणि माणसं वायरला धरून हिसके देतात. ढिली ठेवली तर पिन नीट टेकत नाही. दोन धातू चिकटलेले दिसले तरी खरे टेकतात ते थोड्याशा बारीक बिंदूंवरच. दाब कमी झाला की हे बिंदू कमी होतात आणि तेवढ्याशा जागेतून सगळी वीज जायला लागते. मग ती जागा तापते. तापली की धातू काळा पडतो, स्प्रिंगची ताकद जाते, पकड आणखी ढिली होते आणि जागा आणखी तापते. असं हे चक्र!

थोडा हिशेब सांगते. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर वीज घेतो. बिघडलेल्या जोडाचा रोध ०.२ ओहम जरी झाला तरी तिथे १५ वॅट उष्णता तयार होते, सुपारीएवढ्या जागेत! छोट्या सोल्डरिंगच्या इस्त्रीला एवढीच वीज पुरते. त्याच जोडावर १००० वॅटची इस्त्री लावली तर उष्णता निम्मी नाही, चौथाईच होते. म्हणूनच गिझर आणि इंडक्शनच्या सॉकेटकडे आधी लक्ष द्यायचं.

आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न होता, "मग एमसीबी का पडला नाही?" तोच तर धोका आहे. एमसीबी पडतो तो वीज प्रमाणाबाहेर वाढली की. इथे गिझर नेहमीइतकीच वीज घेत असतो, फक्त जोड जळत असतो. हे एमसीबीला कळत नाही. आपल्या नाकाला आणि हाताला कळतं.

तेव्हा एवढं करा:

प्लग काढायच्या आधी बटण बंद करा आणि प्लगला धरून सरळ ओढा, वायरला धरून नको.

गिझर बंद केल्यावर प्लगच्या पाठीवर हात ठेवून पाहा. कोमट असेल तर चालेल. चटका बसत असेल तर पुन्हा लावू नका.

प्लग हलतो, आपोआप खाली झुकतो, चरचर आवाज येतो, पिना काळ्या दिसतात, ही सारी पकड गेल्याची लक्षणं. अशा वेळी सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. जळक्या सॉकेटमध्ये नवा प्लग लावला तर तोही जळतो.

उघड्या वायरी भोकात घालून काडेपेटीच्या काड्या खोचू नका. शॉकचं भय आहेच, शिवाय फाकलेली पट्टी पुन्हा आवळत नाही. जाड पिन बारीक भोकात दामटू नका.

गिझर, इंडक्शन १६ अँपिअरच्या सॉकेटवरच हवेत, ६ च्या नाही. तिसरी, लांब-जाड पिन अर्थिंगची. ती सर्वांत आधी टेकावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून लांब असते. ती कापून टाकू नका.

दुकानात आय.एस.आय. मार्क आणि आय.एस. १२९३ हा आकडा पाहा. प्लग घालून, काढूनही बघा. किंचित जोर लागला पाहिजे.

आमचं नवं सॉकेट घ्यायला मी स्वतः गेले. दुकानदार म्हणाला, "वहिनी, सगळे सारखेच असतात." मी चार सॉकेट मागितले आणि चारही प्लग घालून पाहिले. दोन ढिले निघाले. त्या दिवशी घरी सासूबाईंनी विचारलं, "एवढ्याशा वस्तूला एवढा वेळ?" पण दुपारी घरात एकट्या असतात त्याच. तो वेळ त्यांच्यासाठीच तर होता!